मदत हवी आहे: ४५० साइजच्या हेलिकॉप्टरची शेपटी थरथरते
मंडळी, माझं ४५० साइजचं आरसी (रिमोटवर उडणारं) हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरलं की शेपटी डावी-उजवीकडे भराभर हलते. जायरोचा (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे संवेदनशीलता, कमी केला की हलणं थांबतं, पण मग थ्रॉटल वाढवताच नाक वळतं. सर्व्होची (छोट्या कंट्रोल मोटरची) लिंक काढून शेपटीचा पिच स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) बोटाने सरकवला, तर मधेच किंचित अडकतो. माझा संशय त्याच्यावरच आहे. साफ करून तेलाचा थेंब पुरेल, की बदलावाच लागेल? पाती बॅलन्स केलेली आहेत, बेल्टही नीट ताणलेला आहे.

आणखी एक. पावसाळ्यात लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवतो, तरी एक पॅक फुगलाय. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे काळजी वाटते. पुण्यात असा पॅक कुठे जमा करता? कृपया सांगा.