'योजिंबो'त मारामारी इतकी कमी, मग याला ॲक्शनपट का म्हणतात?

रात्रपाळी:
जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'योजिंबो' (1961) काल पाहिला. तलवारबाजीची मेजवानी असेल असं वाटलं होतं. सुरुवातीला हिरो गुंड कापतो, शवपेट्या करणाऱ्याला ऑर्डर देतो आणि मग खानावळीत साके (जपानी दारू) पीत बसतो! एकदा तर दोन्ही टोळ्यांना भिडवून स्वतः मनोऱ्यावर चढून गंमत बघतो. मला आवडला, पण ॲक्शनवेड्या मित्रांना दाखवला तर शिव्या बसतील का?

पेठेतला_वस्ताद:
बसूदेत शिव्या, पण दाखव. मी कोल्हापुरात पोरांना मर्दानी खेळ शिकवतो. नवं पोरगं हातात तलवार आली की आधी फिरवूनच दाखवतं. हिरो झालेल्या तोशिरो मिफुनेचे हात बघ, बराच वेळ किमोनोच्या आतच. खांदा उडवतो, दाढी खाजवतो. हात बाहेर आला की दोन-चार वारांत विषय संपला. फुकटची गिरकी नाही.

आणि मनोऱ्याचा सीन हीच खरी ॲक्शन आहे राव! दोन्ही बाजूंचे दांडगट दोन पावलं पुढं येतात, तीन मागं जातात. नुसती तलवारीची टोकं थरथरतायत. गल्लीतल्या भांडणात 'सोड मला, सोड' म्हणणारा बघितलायस ना, ज्याला कुणी धरलेलंच नसतं? तेच हे. तेवढ्यात सरकारी अधिकारी येणार म्हणून कळतं आणि दोघांनाही सुटल्यासारखं होतं.

हिरोला पैसे देऊन ठेवणाऱ्या टोळीप्रमुख सेबेईची बायको तर सगळ्यांची गुरू. काम झालं की याला मागून मार, पैसे वाचतील, असं पोराला शिकवते. हिरो ते चोरून ऐकतो, म्हणून तर ऐन लढाईच्या वेळी पैसे परत फेकतो.

मॅटिनी_शो:
इटालियन दिग्दर्शक लिओनीचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (1964) याच गोष्टीवर बेतलेला, तोही न विचारता. 'योजिंबो' काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला आणि जगभरच्या कमाईतला 15 टक्के वाटा मिळवला. त्यातला हिरो ईस्टवुड भारी आहेच, पण मला विनोद मूळ सिनेमातच जास्त सापडला.

रात्रपाळी:
पण 'योजिंबो'च्या शेवटी पिस्तूलवाल्यासमोर सुरी फेकून जिंकणं जरा सोयीचं नाही का झालं?

पेठेतला_वस्ताद:
नाही. मार खाऊन लपलेला असतो तेव्हा वाऱ्यावर उडणाऱ्या पानावर सुरी मारायचा सराव दाखवलाय. पान जमिनीला खिळतं. तयारी डोळ्यांदेखत झालीय, मग सोयीचं कसलं? उलट तो मार का खातो ते बघ. सगळ्या सिनेमात एकच काम पैशाशिवाय करतो, एका कुटुंबाला सोडवतो. त्यांनी आभाराची चिठ्ठी पाठवली आणि नेमकी ती पिस्तूलवाल्याच्या हातात पडली. चांगुलपणाची पावती म्हणून दात पाडून घेतले बिचाऱ्याने.

मित्रांना एवढंच सांग, मोबाईल बाजूला ठेवा. वार डोळ्याची पापणी लवेस्तोवर संपतो.