हिवाळी ओरिएंटियरिंग: कोर्सची लांबी कापायची की कोर्स उलटा आखायचा?

उत्तरमुखी
थंडीत जंगलात ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे ठरलेली ठिकाणं गाठत पळण्याची स्पर्धा घ्यायची म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते: कोर्सची, म्हणजे आखलेल्या मार्गाची लांबी कमी करा. मला ती पटत नाही. अंतर संपवताना कुणी गारठत नाही, गारठतो तो वाट चुकल्यावर. पळताना अंगात ऊब असते. चुकला की तो थांबतो, नकाशा फिरवून फिरवून बघतो, घामाचे कपडे गार पडतात, बोटं बधिर होतात आणि होकायंत्र धरणंही जड जातं. हीच चूक सुरुवातीला झाली तर अंगात सावरण्याची ताकद असते. तासाभराने, जंगलाच्या दूरच्या टोकाला झाली, तर नसते.

म्हणून माझा आग्रह आहे की कोर्स उलटा आखा. मार्गनिवडीचा कस पाहणारा सगळ्यात लांब लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला (झेंडी लावलेल्या ठिकाणांमधला) टप्पा, अगदी आरंभी ठेवा. दूरचं टोक पहिल्या निम्म्यातच उरकून टाका. मग फिनिशच्या आसपास छोटे फेरे. उत्तरार्धात कुठेही त्राण संपलं तरी माणूस थोडं चालून ऊबेला पोचला पाहिजे.

दुसरं कंट्रोलच्या जागांबद्दल. बर्फ पडला की धोंडे, खळगे, चर, पायवाटा सगळं झाकलं जातं. नकाशात खळगा असतो, समोर मात्र सपाट पांढरं. घळ, सोंड (डोंगराची उतरती धार), खिंड या बर्फाखालीही ओळखू येतात. तेव्हा कोर्स तपकिरी समोच्चरेषांवर उभा करा, धोंडे दाखवणाऱ्या काळ्या ठिपक्यांवर नको.

पायवाट
पूर्ण असहमत. हिवाळा हा या खेळाचा उत्तम मोसम आहे आणि तुम्ही त्याला आजारपणासारखं वागवताय. पानं गळालेली, नेचे आणि काटेरी झुडपं बसलेली. नकाशावर हिरव्या रंगाने ‘इथे वेग मंदावेल’ असं सांगितलेल्या कितीतरी भागांतून सरळ पळता येतं. उघड्या रानात केशरी-पांढरी झेंडी लांबूनच दिसते, म्हणजे खेळ आधीच सोपा झालेला. त्यात कंट्रोल फक्त सोंडांवर आणि घळींत ठेवलेत तर बारीक वाचनाला उरलं काय?

शिवाय फिनिशजवळचा भाग म्हणजे तुडवलेली जमीन. नवशिक्यांचे कोर्सही तिथेच असतात. जंगलातले दोन कंट्रोल एकमेकांपासून किमान ३० मीटर लांब हवेत, ज्या खुणांपाशी ते आहेत (धोंडा, खळगा) त्या सारख्या असतील तर ६० मीटर. एवढ्याशा जागेत तुमचे सगळे फेरे बसवून दाखवा. आणि दमल्यावर डोकं ताळ्यावर ठेवून निर्णय घेणं, तोच तर हा खेळ आहे! जंगलाचा सर्वांत देखणा तुकडा लोकांनी पहिल्या वीस मिनिटांत ओलांडून जायचा?

उत्तरमुखी
हिरव्या भागाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण त्यातला अन्यायही बघा. त्या रानात सरावलेला बिनधास्त आत शिरतो. पाहुणा नकाशावर विश्वास ठेवून वळसा घालतो. हिवाळ्यात असे लेग मी टाळेनच.

झेंडी लांबून दिसते म्हणून ती लपवायची का? ते नियमातही बसत नाही आणि खेळातही. अवघडपणा लेगमध्ये असावा. उतारावर तिरपं, उंची न गमावता जाणारा लेग द्या, बघा किती जण खालच्या घळीत उतरतात. दमल्यावरचा निर्णय मलाही हवाय, फक्त तो हाकेच्या अंतरावर हवाय.

चकमक
तुम्ही दोघंही माग विसरलात. ताज्या बर्फात पहिले चार-पाच जण वाट पाडतात आणि पुढचे सगळे नकाशा खिशात घालून तिच्यावरून धावतात. तुमचा मार्गनिवडीचा लांब लेग सुरुवातीला ठेवलात तर सगळ्यांची पावलं त्याच एका रेषेत पडणार.

याला दोन उपाय. एकाच कंट्रोलवर परत येणारे फेरे, प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दिलेले. आणि झेंड्या लावणाऱ्याने कंट्रोलपाशी जाऊन त्याच पावलांवर परत फिरायचं नाही. पुढे निघून जायचं, आजूबाजूला चार आडवे माग पाडायचे. नाहीतर सकाळी झेंडीपर्यंत बाणच काढून ठेवल्यासारखं होतं.

शिट्टी
मी शोधकार्याच्या बाजूने सांगते. एकदा एक धावक मध्येच सोडून परस्पर घरी गेला. फिनिशला कळवलं नाही. आम्ही अंधारात दोन तास हाका मारत फिरलो, आणि त्या वेळात पोटात काय होतं ते मी विसरणार नाही. ६०° उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सहा तासांहूनही कमी असतो. शेवटची स्टार्ट कधी हे कोर्स बंद होण्याच्या वेळेवरून ठरवा, आणि ती वेळ सूर्यास्तापासून मागे मोजून. अर्ध्यात सोडलं तरी फिनिशला हजेरी लावलीच पाहिजे, हे प्रत्येकाला स्टार्टवर तोंडी सांगा.

उत्तरमुखींचा आराखडा मला याच कारणासाठी आवडला. अर्ध्यावर फिनिशजवळ एक कंट्रोल ठेवलात, तिथे माणूस बसवलात, तर दूरच्या टोकाहून कोण परतलं नाही ते तासभर आधी कळतं. पण लांब लेग अगदी पहिला नको. अंग आखडलेलं असतं, नकाशाच्या प्रमाणाचा अंदाज पायात उतरलेला नसतो. आधी दोन छोटे, सोपे लेग द्या.

उत्तरमुखी
मान्य. दोन छोटे, मग लांब. चकमक, वेगळ्या क्रमाचे फेरे उत्तरार्धातच बसतील. लांब लेगवरच्या मागाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, हे कबूल.

पायवाट
बर्फ असेल त्या दिवशी मी हे मानायला तयार आहे. कोरड्या, कडक थंडीच्या दिवशी नाही. त्या दिवशी धोंडेही दिसतात आणि खळगेही, मग ते का सोडायचे? मी दोन्ही कोर्स आखून ठेवीन आणि छपाईच्या आदल्या दिवशी जंगलात फिरून ठरवीन कोणता छापायचा.

शिट्टी
ठरवा खुशाल. पण अर्ध्यावरचा तो कंट्रोल दोन्ही कोर्समध्ये ठेवा.