दाब आणि डोकेदुखी: थोडी भर

वर कुणीतरी म्हटलंय की पाऊस यायच्या आदल्या दिवशीच डोकं ठणकायला लागतं, कारण हवेचा दाब उतरतो. मायग्रेनवाल्या बऱ्याच जणांचा हा अनुभव आहे, तो खोटा म्हणणार नाही. पण दाबाचे आकडे बघितले की कोडं पडतं.

आपल्याकडे आभाळ निरभ्र असलं तरी दाब रोज वरखाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास चढा, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, फरक साधारण ३-४ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक). मुंबईहून लोणावळ्याला चढलात तर ६० हून जास्त उतरतो, तेही दोनेक तासांत. मग घाटात सगळ्यांचंच डोकं का धरत नाही? (कान मात्र बंद होतात.)

संशोधनाचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. काहींना संबंध सापडला, काहींना नाही. मला वाटतं, पावसाआधीचा उकाडा, घामामुळे कमी पडलेलं पाणी आणि मोडलेली झोप यांचा वाटा आपण विसरतो. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये दाबमापक असतो. महिनाभर डोकेदुखीची वेळ, झोप, जेवण आणि दाब लिहून ठेवा. गोळ्याही मोजा, कारण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधं पॅरासिटामॉल घेत राहिलं तरी त्यानेच डोकेदुखी मागे लागू शकते.