ऊसबिलाचं गणित कुठे ठेवायचं: स्क्रीनवर, सर्व्हिसमध्ये की डेटाबेसमध्ये?

हुक्केरी_बॅकएंड:
चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याची ऊसबिल प्रणाली आहे. एपीआय (स्क्रीन आणि ॲप ज्याच्याकडून माहिती मागतात तो सर्व्हरवरचा भाग) सी शार्पमध्ये, खाली पोस्टग्रेस डेटाबेस, शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप. बिलाचं गणित आज तीन ठिकाणी आहे: वजनकाट्याच्या स्क्रीनवर जावास्क्रिप्टमध्ये, पंधरवड्याचं बिल काढणाऱ्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडमध्ये) आणि ॲपला रक्कम देणाऱ्या सर्व्हिसमध्ये. खेप १८.३४५ टन, तोडणी-वाहतूक वजा जाता दर ३,०४५ रुपये. ॲपवर ५५,८६०.५२ दिसतात, छापील बिलावर ५५,८६०.५३. शेतकरी जाब विचारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. सगळं प्रोसीजरमध्ये न्यावं की सर्व्हिसमध्ये?

गोकाक_आर्किटेक्ट:
आधी तो एका पैशाचा फरक कुठून आला ते बघा. गुणाकार ५५,८६०.५२५ येतो. सी शार्पचं मॅथ.राउंड, वेगळं काही सांगितलं नाही तर, बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेतं, म्हणून .५२. पोस्टग्रेसचं राउंड न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकारावर तोच आकडा वर नेतं, म्हणून .५३. जावास्क्रिप्ट तर फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) मोजतं, तिथे काय येईल याचा भरवसा नाही. पैसे कसे पूर्ण करायचे हासुद्धा कारखान्याचा नियम आहे. तो भाषेच्या डिफॉल्टवर सोडला की असंच होणार.

जागा म्हणाल तर सर्व्हिसच्याही आत, वेगळ्या डोमेन थरात, म्हणजे फक्त धंद्याचे नियम असलेल्या कोडमध्ये. 'ऊसबिल' नावाचा साधा वर्ग (क्लास) करा, ज्याला एचटीटीपीही (वेबवरची देवाणघेवाण) माहीत नाही आणि एसक्यूएलही (डेटाबेसची भाषा) नाही. वजन, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी), हंगामाचा दर आणि कपाती आत द्यायच्या, रक्कम बाहेर घ्यायची. सर्व्हिसने ट्रान्झॅक्शन उघडावं, नोंदी आणाव्यात, या वर्गाला विचारावं आणि उत्तर साठवावं. कंट्रोलरने (बाहेरची विनंती पहिल्यांदा घेणाऱ्या कोडने) फक्त आलेल्या मजकुराचा आकार तपासावा. जे वाक्य शेती खात्यातल्या कारकुनाला वाचून पटेल किंवा खटकेल, ते डोमेनचं, एवढी कसोटी पुरते.

उदाहरणार्थ २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर): १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६. उतारा ११.२५ असेल तर ३८९.६०, म्हणजे टनाला ३,८९६. त्यातून तोडणी-वाहतुकीचे ८५१ गेले की तुमचे ३,०४५. पण उतारा ९.५ किंवा त्याहून कमी असला तरी दर ३२९.०५ च्या खाली जात नाही. सूत्र तसंच खाली ओढलं तर शेतकऱ्याला कायद्यापेक्षा कमी पैसे जातात, आणि तीन प्रती असल्या की एका प्रतीत ही अट हमखास राहून जाते. सूत्र कोडमध्ये ठेवा, आकडे लागू तारखेसह टेबलात.

खानापूर_डीबीए:
डोमेन थराशी सहमत, पण डेटाबेस रिकामा करू नका. हंगाम आणि पावती क्रमांक मिळून युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणारी डेटाबेसची अट) हवाच. 'ही पावती आधी आहे का' असं सर्व्हिसने विचारून भागत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर रीड कमिटेडमध्ये (फक्त कायम झालेल्या नोंदी दिसतात त्या पातळीवर) दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि एकाच खेपेची दोन बिलं निघतात. निव्वळ वजन शून्यापेक्षा जास्त, ही तपासणीही टेबलावरच.

प्रोसीजर काढली की बिलं रखडतात ही तक्रार येईल. गणित स्वस्त असतं; वेळ खातात प्रत्येक पावतीमागे होणाऱ्या डेटाबेसच्या फेऱ्या. पाचशे-पाचशे पावत्या शेतकऱ्याच्या कपातींसकट एका क्वेरीत आणा, मेमरीत हिशोब करा, पोस्टग्रेसच्या कॉपी आदेशाने एकदम लिहा. बिलासोबत वापरलेला दर, उतारा आणि नियमाची आवृत्तीही साठवा. पुन्हा छपाई करताना नव्याने मोजायचं नाही, साठवलेलं वाचायचं.

हुक्केरी_बॅकएंड:
समजलं. उशिराच्या पेमेंटवरचं व्याज आणि काट्यावरचा अंदाज, यांचं काय करू? काट्याचं नेट अधूनमधून जातं. पावती कन्नड आणि मराठी दोन्हीत लागते.

गोकाक_आर्किटेक्ट:
१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. हा डोमेनचाच नियम. फक्त 'आजची तारीख' वर्गाने स्वतः घड्याळाला विचारू नये, बाहेरून द्यावी. मग चौदावा आणि पंधरावा दिवस टेस्टमध्ये सहज तपासता येतो.

काट्यावर रक्कम दाखवूच नका. वजन, वेळ, पावती क्रमांक एवढंच बस. नेट आलं की रक्कम एपीआयकडून येईल. भाषा हा वरच्या थराचा विषय. डोमेनने 'सोसायटी कपात' असा संकेत परत द्यावा, वाक्य नाही, आणि कन्नड-मराठी मजकूर टेम्प्लेटने लावावा.

बदल एका रात्रीत करू नका. मागच्या दोन पंधरवड्यांच्या सगळ्या पावत्या नव्या वर्गातून काढा आणि छापील बिलांशी पैशापर्यंत ताडून बघा. जिथे फरक येईल तिथे कोणता आकडा बरोबर हे हिशोब खात्याकडून लेखी घ्या आणि तीच पावती टेस्ट म्हणून जोडा. सगळे फरक मिटले की मगच प्रोसीजर काढा.