हॉलच्या पॅनेलमागची ओल: रत्नागिरीतल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०२: नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण पश्चिमेकडच्या फ्लॅटवाल्यांनी तरी पूर्ण वाचा. एप्रिलमध्ये आम्ही हॉल नव्याने करून घेतला, तुमच्यातले बरेच जण बघूनही गेलात. टीव्हीमागे छतापर्यंत एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, खाली युनिट, कडेने पीओपी आणि त्यात दिवे. खिडकीलाही ग्रॅनाइटची नवी पट्टी. मृगापर्यंत सगळं छान होतं. आर्द्रा लागली आणि पॅनेलच्या खालच्या कडा फुगायला लागल्या. मग वास यायला लागला. मी आधी सोफ्याची कव्हरं धुतली, गालिचा उचलून टाकला, तरी वास जाईना. काल शेवटी सुताराला बोलावून पॅनेल उतरवलं.

फोटो टाकलेत, पण फोटोत सगळं दिसत नाही. खिडकीच्या बाजूची भिंत गुडघ्याच्या उंचीपासून वर काळ्या गोल ठिपक्यांनी भरली आहे. पुट्टीचे पोपडे सुटलेत, नखाने उचलले की खाली पांढरी, मिठासारखी भुकटी. स्क्रूची नुसती डोकी उरली आहेत, एक तर सुताराच्या चिमटीतच तुटला. युनिटमध्ये सासूबाईंच्या लग्नाचा अल्बम होता, त्याची पानं एकमेकांना चिकटली. ते फोटो आता कुठूनही परत मिळायचे नाहीत, त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. कंत्राटदार म्हणतो, "कोकणात ओल असायचीच." ते मलाही माहीत आहे, माझा जन्म इथलाच. पण पाणी नेमकं कुठून येतं, हे त्याने पॅनेल ठोकण्याआधी बघायला हवं होतं. कुणाला काही कळत असेल तर सांगा.

बी-४०२: वहिनी, फोटो बघून वाईट वाटलं. आमच्याकडून गळत असेल अशी शंका असेल तर मोकळेपणाने बोला. तुमच्या हॉलवर आमचा हॉलच आहे, बाथरूम आणि स्वयंपाकघर मागच्या बाजूला. तरी उद्या सकाळी या, प्लंबरला बोलावतो, तुमच्यासमोरच तपासू.

बी-३०२: नाही हो भाऊ, तुमच्यावर शंका नाही. छताला एक ठिपका नाही, सगळं भिंतीलाच आहे.

ए-१०१ (काका): वहिनी, तीन गोष्टी सांगा. ओल सरळ पावसात वाढते की वाऱ्याच्या पावसात? डाग खिडकीपासून सुरू होतात की वरच्या बीमपासून? आणि चार दिवस उघडीप मिळाली की भिंत हाताला कोरडी लागते का?

बी-३०२: वाऱ्याच्या पावसात वाढते, नक्की. मागच्या आठवड्यात मांडवीच्या समुद्राकडून जोराची झड आली, त्या रात्री भिंतीवरून ओघळ दिसला. डाग जास्त खिडकीच्या कोपऱ्यात, पण बीमखालीही एक आडवी रेघ आहे. उघडीप मिळाली की बरीच सुकते.

ए-१०१ (काका): म्हणजे पाणी बाहेरून येतंय. नळाची गळती असती तर वारा-पाऊस न बघता बारा महिने दिसली असती. उद्या सकाळी येऊन बघतो. तोवर त्या भिंतीवर काही लावू नका, रंग तर नाहीच. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, तिची धूळ घरभर होते. तोंडाला मास्क, ओला फडका, खिडक्या उघड्या. मुलाला दमा आहे ना तुमच्या? त्याला त्या खोलीत झोपवू नका.

बी-००२ (आजी): नातीकडून लिहून घेतेय. आमच्या केळशीच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला कपाट कधी लावलं नाही. पावसाळ्याआधी पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, झड भिंतीपर्यंत यायचीच नाही. भिंतींना चुना. चुना ओल पितो आणि ऊन पडलं की सोडतो. आता तुम्ही भिंतीला प्लास्टिकचा रंग देता आणि वर फळ्या मारता, मग तिने श्वास कुठून घ्यायचा?

ए-१०१ (काका): आजी, अगदी बरोबर. आपली बिल्डिंग आरसीसीची असली तरी भिंती जांभ्या चिऱ्याच्याच आहेत. चिरा सच्छिद्र, पाणी ओढतो. बाहेरचा गिलावा धड असेल तोवर काळजी नाही, पण एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि येताना क्षार विरघळवून आणतं. आतल्या बाजूला पाणी सुकतं, क्षार तिथेच राहून त्याचे खडे होतात आणि तेच पुट्टीला आतून ढकलतात. वहिनींना दिसलेली पांढरी भुकटी ती. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत आणि तोही नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर भिंतीवर आडवा. पुण्या-मुंबईच्या फोटोत दिसतो तसा हॉल इथे करायला हरकत नाही, पण आधी भिंतीला विचारून.

ए-३०४: काका, घाबरायला झालं. आमचं काम सोमवारी सुरू होणार आहे. गणपती तोंडावर आलेत, म्हणून हॉलमध्ये वॉलपेपर, फॉल्स सिलिंग आणि टीव्ही युनिट एवढंच ठरवलंय. ऍडव्हान्स दिलाय. थांबू का?

सी-२०१ (हार्डवेअरवाले भाऊ): माझं दुकान आहे म्हणून नाही सांगत, पण या दिवसांत वॉलपेपर आणि पॉलिश दोन्ही नको. हवेतल्या दमटपणाने पॉलिश पांढुरकं पडतं, मग घासून पुन्हा करावं लागतं. युनिट करायचंच तर प्लायवर शिक्का बघूनच घ्या. आयएस (भारतीय मानक) ३०३ चा साधा कमर्शियल प्लाय आपल्या हवेला टिकायचा नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा, किमान मागची पाठ आणि पाय तरी त्याचे करा. महाग पडतो, पण दोनदा करण्यापेक्षा स्वस्त. एमडीएफ पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नको. स्क्रू स्टेनलेस मागा, समुद्राच्या इतक्या जवळ ३१६ ग्रेड मिळाला तर उत्तम. आणि पॅनेल भिंतीला घट्ट चिकटवू नका, मागे पट्ट्या मारून वर-खाली फट ठेवा, हवा खेळली पाहिजे.

ए-३०४: पण पीव्हीसीचं पॅनेल लावलं तर? ते फुगत नाही म्हणतात.

सी-२०१ (हार्डवेअरवाले भाऊ): पीव्हीसी फुगत नाही हे खरं, पण मागची भिंत ओलीच राहते. तुम्हाला फक्त उशिरा कळतं.

ए-१०१ (काका): ताई, आधी एक सोपी परीक्षा करा. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा. कोरडा राहिला तर आजच्या पुरतं ठीक. झडीनंतर लगेच करा, उघडिपीत करून उपयोग नाही. आणखी एक: खाली तुमच्या इलेक्ट्रिशियनने कॉलमवर खडूने आखलंय असं वॉचमन म्हणाला. कॉलम आणि बीम फोडून वायर न्यायची नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकाप्रमाणे समुद्रकाठच्या उघड्या बांधकामात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं, म्हणजे खारी हवा सळईपर्यंत पोचणार नाही. तुम्ही तिथे खाच पाडली तर गंजेल ती आपली सगळ्यांची सळई. वायर चिऱ्याच्या भिंतीतून न्या, आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे फ्रेमसाठी ड्रिल मारताना तोच फोटो कामाला येतो. मागे डी विंगमध्ये ड्रिल थेट पाण्याच्या पाइपात गेलं होतं, आठवत असेल सगळ्यांना.

ए-३०४: इलेक्ट्रिशियनला थांबवलं, काका. बरं झालं सांगितलंत. प्लास्टिक आज रात्रीच लावते.

(दुसऱ्या दिवशी)

ए-१०१ (काका): ३०२ मध्ये जाऊन आलो, ४०२ वाले भाऊही बरोबर होते. दोन कारणं सापडली.

पहिलं खिडकीचं. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनेलला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, चॅनेलमध्ये साठलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. काम करताना कुणीतरी 'पाणी येऊ नये म्हणून' ती सगळी सिलिकॉनने बुजवली. त्यामुळे चॅनेल भरतं आणि पाणी आत उतरतं. त्यात ग्रॅनाइटच्या पट्टीचा उतार बाहेर असायला हवा तो आत आहे. चमचाभर पाणी पट्टीवर ओतलं तर सगळं सरळ हॉलकडे धावलं. पट्टी भिंतीबाहेर जिथे संपते तिथे खालून पाणी तोडणारी खाचही नाही, म्हणून उरलेलं पाणी गिलाव्यावरून ओघळतं.

दुसरं बीमखालची रेघ. ती बाहेरूनही आहे. काँक्रीटचा बीम आणि चिऱ्याची भिंत ऊन-पावसात सारख्या प्रमाणात हलत नाहीत, सांध्यावर जाळी न घालता गिलावा केला की तिथे आडवी चीर पडते. दुर्बिणीतून बघितलं, तीच चीर २०२ आणि ४०२ च्या उंचीवरही आहे.

बी-४०२: खरं आहे. आमच्या शोकेसच्या मागे हात घातला तर भिंत गार आणि ओलसर लागली. आम्हाला पत्ताच नव्हता. शोकेस आजच पुढे ओढतो.

डी-५०३: सेक्रेटरीसाहेब, आधीच स्पष्ट विचारतो. एकेकाने आपापल्या हौसेने हॉल सजवायचा, बिघडला की खर्च सोसायटीने करायचा, असं चालणार आहे का? आमच्या पूर्वेकडच्या घरांना यातलं काही नाही.

बी-३०२: भाऊ, पॅनेल, युनिट, खिडकीची पट्टी, आतला रंग यातला एक रुपया मी सोसायटीकडे मागत नाही. तो माझा आणि कंत्राटदाराचा हिशोब. पण बीमखालची चीर माझ्या घरात नाही, बिल्डिंगच्या बाहेरच्या अंगाला आहे. मी आतून कितीही चांगलं काम केलं तरी ती चीर मला बुजवता येणार नाही, तिथपर्यंत माझा हात पोचत नाही. आणि त्या चिरेतून आत गेलेलं पाणी ज्या बीमला लागतं, तो बीम आपल्या सगळ्यांच्याच बिल्डिंगचा आहे.

सेक्रेटरी (ए-२०३): दोघांचं म्हणणं नोंदवलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि सामाईक पाइपची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, घरातलं बाकी काम सदस्याने आपल्या खर्चाने. दुरुस्ती निधी यासाठीच आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दराने गोळा करतो. डी विंगच्या पूर्वेच्या डक्टमधला पाइप बदलला तेव्हा याच निधीतून पैसे गेले होते आणि पश्चिमेकडच्या कुणी तक्रार केली नव्हती.

डी-५०३: पाइपचं लक्षात आहे. ठीक आहे. पण कोटेशन किमान तीन मागवा आणि ती ग्रुपवर टाका, एवढं माझं म्हणणं.

सेक्रेटरी (ए-२०३): मान्य. काका, काम आत्ता होईल का?

ए-१०१ (काका): आत्ता नाही. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग केलं तर आतलं पाणी आतच कोंडतं. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत सुकू दे, मग परांची बांधून चीर रुंद करायची, पॉलिमरचा माल भरायचा, सांध्यावर जाळी आणि मग बाहेरचा लवचीक कोट. नवीन गिलावा झाला की महिनाभर, किमान २८ दिवस, त्यावर रंग नाही. तोवर तात्पुरतं म्हणून ३०२ आणि ४०२ च्या खिडक्यांवर पत्र्याची झडप लावून घेऊ. आजींनी सांगितलेली झापं आता कोण विणून देणार, पण काम तेच करायचं आहे.

बी-००२ (आजी): माझा भाचा आजही विणतो हो. पण पत्रा चालेल.

ए-३०४: आमच्या प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्याच बाजूला थेंब आलेत. फोटो टाकलाय. वॉलपेपर रद्द. कंत्राटदाराला सांगितलं, सिलिंग आणि युनिट दिवाळीनंतर, ऍडव्हान्स तसाच राहू दे. तो तयार झाला. आता प्रश्न फक्त गणपतीचा. मखर त्याच भिंतीला बसवायचं ठरवलं होतं.

बी-३०२: मखर भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, मागे कापडाचा पडदा सोडा. आम्हीही तेच करणार आहोत. भिंत उघडी, पॅनेल नाही, पुट्टी नाही. येणारे-जाणारे काय म्हणतील याचा विचार मी आता सोडलाय. दोन पंखे लावून ठेवलेत, भिंत रोज थोडी सुकताना दिसतेय, तेवढं मला पुरेसं आहे. अल्बमची पानं पंख्याखाली एकेक सोडवतेय, मध्ये कोरे कागद घालून. काही फोटो वाचतील असं वाटतंय.

सी-२०१ (हार्डवेअरवाले भाऊ): वहिनी, ओले फोटो ओढून सोडवू नका, वरचा थर निघतो. जिथे चिकटलेत ते पान स्वच्छ गार पाण्यात थोडा वेळ ठेवा, आपोआप सुटतं. एका कोपऱ्यावर आधी करून बघा. आमच्याकडच्या पुरात हेच केलं होतं, चिपळूणला, २०२१ ला.

बी-३०२: हे माहीतच नव्हतं. थांबते, आत्ताच सासूबाईंना सांगते.

सेक्रेटरी (ए-२०३): रविवारी संध्याकाळी सहाला गच्चीच्या जिन्यावर जमू. पश्चिमेकडच्या प्रत्येकाने येण्याआधी दोन गोष्टी करून या: खिडकीच्या चॅनेलची भोकं बुजलेली आहेत का बघा, आणि त्या भिंतीला टेकलेलं कपाट किंवा युनिट पुढे ओढून मागचा फोटो काढा. फोटोवर फ्लॅट नंबर लिहा, कोटेशनवाल्याला तेच दाखवायचे आहेत.

बी-४०२: काका, आमची भोकंही बुजलेलीच निघाली. सिलिकॉन कशाने काढू?

ए-१०१ (काका): जुना दाभण चालेल. बाहेर वाकू नका, खिडकीचं दार काढून आतून करा. जमत नसेल तर थांबा, मी चहा घेऊन येतोच.