आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: फेडरल जंगल पेटलं की गावचे बंब का पळवायचे?

पायथ्याचा_पाटील (धागालेखक)

कॅलिफोर्नियाची जवळपास 45 टक्के जमीन फेडरल सरकारची. नुसतं जंगल धरलं तर निम्म्याहून जास्त. तिथे पेटलं की बंब मात्र आमच्यासारख्या छोट्या गावांतून निघतात. सिएरा डोंगररांगेच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पाच बंब आणि एक लीडर अशी स्ट्राइक टीम जमते, त्यातला एक बंब आमचा असतो, आणि तो परत कधी येणार हे कोणी सांगू शकत नाही.

मदत करू नका असं मी म्हणत नाही. पण 2021 ची टॅमरॅक आग आठवा. 4 जुलैला वीज पडून पाव एकर पेटलं. भाग दुर्गम, माणसं उतरवणं धोक्याचं, म्हणून फेडरल वन सेवेने नुसतं लक्ष ठेवलं. 16 तारखेला वाऱ्याने आग निसटली, मार्कलीव्हिल गाव रिकामं करावं लागलं, नेवाडापर्यंत मिळून 68 हजार एकरांवर जळालं. कधी विझवायचं ते ठरवणार ते, निस्तरायला सगळे. या लष्कराच्या भाकऱ्या आम्ही का भाजायच्या?

माझी मागणी साधी आहे. जमीन ज्याची, त्याने पहिल्या मिनिटापासून पैसे मोजावेत. आणि गावात किमान ठरावीक बंब उरणार नसतील तर सरळ नाही म्हणावं.

हिशेबनीस

पाटील, भाकऱ्यांचे पैसे मिळतात हो. राज्य आणि फेडरल खात्यांमध्ये 'कॅलिफोर्निया फायर असिस्टन्स अ‍ॅग्रीमेंट' आहे. त्यात बंबाचं भाडं, माणसांचा पगार आणि वर प्रशासकीय खर्चही मिळतो. दलाने तशी कागदपत्रं दिली असतील तर पगार स्टेशन सोडल्यापासून स्टेशनात परतेपर्यंतचा, झोपेचे तास धरून. बंब काही तासांतच परतला तर मात्र ती मदत बिनपैशाची, कारण तेवढ्यासाठी बिलं फाडत बसलो तर आग वाट बघणार नाही.

नकाराचं म्हणाल तर तेही लिहिलेलं आहे. 1950 च्या मास्टर म्युच्युअल एड करारात, म्हणजे एकमेकांना मदत करण्याच्या राज्यव्यापी करारात, स्पष्ट म्हटलंय की कोणीही स्वतःची साधनं अवाजवी रिकामी करून मदत करायला बांधील नाही.

पायथ्याचा_पाटील

लिहिलेलं असेल. शेजारच्या तालुक्यात घरं जळत असताना फोनवर 'नाही' म्हणणारा फायर चीफ दाखवा, मी धागा बंद करतो. आणि ते पैसे हातात कधी पडतात? छोट्या दलाला ओव्हरटाइम याच महिन्यात द्यावा लागतो, वॉशिंग्टनचा चेक त्याच्या सवडीने येतो. तोवर पदरमोड कोणाची?

हिशेबनीस

चेकच्या उशिराबद्दल सहमत. बाकी नाही.

रानवारा

20 ऑक्टोबर 1991 ला मी ओकलंडच्या अलीकडेच राहत होतो. त्या दिवशी टेकड्यांवरच्या आगीत 25 जण गेले आणि तीन हजारांच्या आसपास घरं. मदतीला बंब कमी आले नव्हते, शेजारची गावं धावली होती. पण ओकलंडच्या हायड्रंटचं, म्हणजे बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळाचं, तोंड तीन इंचांचं आणि बाकीच्यांचे पाइप अडीच इंचांचे. जोड घेतल्याशिवाय बसेनात, आणि जोड पुरेनात. बंब उभा, समोर हायड्रंट, हातात पाइप, आणि जोडता येत नाही. वर रेडिओवर कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, ते वेगळंच.

त्या आगीनंतर राज्याने आपत्कालीन कामाची एकच पद्धत कायद्याने आणली. त्याआधी 1970 च्या आगींत 13 दिवसांत 16 माणसं गेली, तेव्हा फेडरल, राज्य आणि स्थानिक खाती एकत्र बसली आणि त्यातून आगीवर कोणी कोणाचं ऐकायचं हे ठरवणारी आजची कमांड पद्धत जन्मली. दरवर्षी एकमेकांच्या आगीत राबल्यामुळे यांचे पाइप आणि भाषा जुळतात. गावाने स्वतःला बाजूला काढलं तर ही सवय मोडते. नंतर गावात पेटल्यावर करार काढून दाखवायचा का आगीला?

पायथ्याचा_पाटील

उदाहरण जबरदस्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. ओकलंड जळत होतं ते शहर होतं. शहराने शहराला मदत करावी, मी कुठे अडवतोय? मी जमीनदाराबद्दल बोलतोय.

वाइल्डलँड_वहिनी

इथे सगळे 'फेडरल' म्हणजे कोणी गब्बर शेठ असल्यासारखे बोलताय म्हणून लिहिते. माझा नवरा वन सेवेच्या क्रूवर आहे. एकाच आगीत, एकाच उतारावर, शहरातून आलेल्या जवानाचे चोवीसही तास मोजले जातात आणि ह्याचे फक्त कामाचे. बाकीचे तास तिथेच, धुरात, जमिनीवर, हिशेबाबाहेर. कित्येक वर्षं यांचं अधिकृत पद 'फॉरेस्ट्री टेक्निशियन' होतं. मूळ पगार तासाला जेमतेम 15 डॉलरवर आणायला 2021 उजाडलं, आणि वाढ कायम व्हायला 2025. त्याच वर्षी फेब्रुवारीत वन सेवेतल्या हजारो नव्या लोकांना नारळ दिला. त्यांतले बरेच गरज पडली की आगीवर जाणारे, रेड कार्ड, म्हणजे आगीवर काम करायचा दाखला, असलेले.

म्हणून पाटलांचा राग मला पटतो, पत्ता चुकलाय. बिल वाढवलंत तर तो पैसा येणार कुठून? माणसं भरायला हवी होती त्याच पैशातून.

हिशेबनीस

वहिनी, +1. आणि उलट्या दिशेचंही कोणी बोलत नाही. 1955 च्या फेडरल कायद्याने लष्करी तळांना आजूबाजूच्या गावांशी असे करार करता येतात. तळाचा बंब गावच्या अपघाताला येतो तेव्हा जमीन कोणाची हे आपण विचारत नाही. त्या करारांत नुकसानीचे दावे दोन्ही बाजूंनी आधीच सोडून दिलेले असतात.

पायथ्याचा_पाटील

दावे सोडलेले असतात, हेच मला खटकतं. आमचा बंब तिकडे निकामी झाला तर कोणाकडे जायचं?

वहिनींचं मात्र मनावर घेतोय. मागणी थोडी बदलतो: थोडक्या तासांच्या मदतीचे पैसे राहू द्या, पण बिल ठरलेल्या दिवसांत चुकतं झालं नाही तर व्याज लावा. गावात किमान बंब उरलेच पाहिजेत, यावरून मात्र मी हटणार नाही.

रानवारा

मग नगर परिषदेत हाच प्रश्न टाका: आमचा बंब गेल्यावर आमच्या स्टेशनात कोणाचा बंब येऊन उभा राहतो, आणि किती मिनिटांत? शेजाऱ्यांनी मागे येऊन जागा भरायची पद्धत आहे. ती तुमच्याकडे कागदावरच आहे की खरोखर चालते, हे चीफला लेखी सांगायला लावा. 'चालत नाही' असं उत्तर आलं तर तुमच्या बाजूने पहिली सही माझी.