शब्दकोड्यात ‘थर’ अडलाय, मदत हवी

आडवीउभी : दोन शब्दांपायी कोडं अडून बसलंय. ९ आडवा : ‘द्रवावरचा पातळ थर’, तीन घरं. शेवटचं अक्षर ‘ग’, कारण तिथून खाली ‘गवाक्ष’ उतरतोय आणि तो पक्का आहे. ‘साय’ दोनच अक्षरी, ‘पापुद्रा’ तीन घरांत बसतो पण ‘ग’ कुठून आणायचा? दुसरा, १४ आडवा : ‘हवेचा सर्वांत खालचा थर’, चार घरं, शेवटी ‘र’. ‘वातावरण’ पाच अक्षरी होतं. थेट उत्तर दिलंत तरी चालेल, पण तिथवर कसं पोचायचं तेही सांगा ना.

रिकामं घर : ९ आडवा ‘तवंग’. तेलाचा तवंग.

चौकटकार : तवंगच. लिहिताना मधल्या घरात ‘वं’ अनुस्वारासकट लिहा, उभ्या शब्दातही तो लागणार.

१४ आडवा ‘तपांबर’. इथे जरा सांभाळून. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर हे तिन्ही चार घरांचे आणि तिन्हींच्या शेवटी ‘बर’. म्हणजे तुमच्या त्या ‘र’चा काडीचा उपयोग नाही, पहिलं किंवा दुसरं घरच निवाडा करणार. सूचनेत ‘सर्वांत खालचा’ आहे म्हणून तपांबर. ढग, पाऊस, वारे बहुतेक सगळे याच थरात. ध्रुवांवर त्याची जाडी साधारण ८ किमी, विषुववृत्तावर १६ ते १८. सूचनेत ‘ओझोनचा थर असलेला’ असं असतं तर स्थितांबर, ‘उल्का जिथे जळतात तो’ असं असतं तर मध्यांबर.

आता कसं पोचायचं ते. मी स्वतः कोडी रचतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मराठीत थराचं नाव अडलं की त्याचं क्रियापद आठवावं. तवंग येतो, साय धरते, खपलीही धरते. साका बसतो. मुलामा चढवतात, पुट चढवतात किंवा देतात, लेप लावतात, गिलावा करतात. पापुद्रा सुटतो, पोपडा निघतो. आपसूक आलेला थर, कुणी मुद्दाम दिलेला थर आणि सुटून येणारा थर, असे तीन कप्पे मनात झाले की निम्मे शब्द तिथेच गळतात. पोपडा आणि पापुद्रा दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींची सुरुवात ‘प’ने. पण भिंतीचा रंग फुगून जाडसर तुकडा खाली येतो तो पोपडा. कांद्याच्या पाकळीवरून नखाने सोलून काढला तर आरपार दिसतो तो पापुद्रा. सूचनेत भिंत आहे की कांदा, तेवढं बघायचं.

नुसतं ‘थर’ एवढीच सूचना देणारे रचनाकार मला पटत नाहीत. पटल, पदर, स्तर, सगळेच त्यात बसतात. सोडवणाऱ्याने काय अंदाज मारत बसायचं?

आडवीउभी : दोन्ही बसले! ‘तपांबर’च्या ‘त’वरून ‘तराफा’ही सुटला. आता एकच राहिलाय : २१ उभा, ‘एकावर एक रचलेली नाणी’, तीन घरं, सुरुवात ‘च’. चवड?

रिकामं घर : चवड कागदांची, कपड्यांची. नाण्यांची चळत.

चौकटकार : चळत. आणि मडक्यांची असती तर उतरंड, चार घरं.